‘व्हिडिओ नाही, तर रिफंड नाही’ हे खरं नाही

‘पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर फुटक्या मालाचे पैसे बुडाले. ‘नो रिटर्न’ लिहिलं असेल तर विषयच संपला. ग्राहक कोर्टात जावं तर वकिलाचीच फी जास्त.’ हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे आणि तो वाचून हक्काचे पैसे सोडून देणारे लोक आहेत, म्हणून हे उत्तर.

व्हिडिओची अट ऑनलाइन खरेदी-विक्रीसाठीच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत कुठेही नाही. व्हिडिओ असला तर उत्तमच, पण तो एकमेव पुरावा नव्हे. समजा, मिक्सरचं भांडं चेपून आलं. खोका टाकू नका. खोक्याचा दबलेला कोपरा, लेबलवरचा ट्रॅकिंग नंबर आणि भांड्याला पडलेला पोचा एकाच फोटोत घ्या, मग सिरियल नंबरचा जवळून घ्या. अ‍ॅपवर कारण निवडताना ‘वस्तू तुटलेली आली’ हेच निवडा. घाईत ‘आवडली नाही’वर बोट पडलं की वस्तू धड होती अशी नोंद तुमच्याच नावावर होते, आणि बरेच दावे इथेच फसतात. पिकअपवाल्याकडून पोच घेतल्याशिवाय वस्तू देऊ नका.

‘नो रिटर्न’ची पाटी मन बदललेल्या गिऱ्हाईकासाठी. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही.

‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असं अ‍ॅपची कंपनी म्हणाली, तर तिच्या साइटवरच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. तक्रारीचा तिकीट नंबर जपून ठेवा. तरी हललं नाही, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

वकिलाचं म्हणाल, तर जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजेच ग्राहक कोर्टात, तो लागतोच असं नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून, 2 वर्षांच्या आत करता येते. विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्ध नोंदवा.

कस्टमर केअरचा नंबर मात्र गूगलवर शोधू नका, अ‍ॅपमधूनच घ्या. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो मागितला की फोन ठेवा.