किराणा दुकान ते सुपर बोल: मधली पाच वर्षं कुणी गाळली?

कर्ट वॉर्नर दर दोन-चार महिन्यांनी आमच्या शाळेच्या ग्रुपवर उगवतो. कधी सुप्रभातच्या फुलांबरोबर, कधी दहावीच्या निकालाच्या दिवशी. पोस्ट थोडक्यात अशी: अमेरिकेतला एक तरुण, तिथल्या हाताने फेकायच्या फुटबॉलचं वेड, पण कुठल्याही संघाने त्याला विचारलं नाही. पोटासाठी किराणा दुकानात रात्रपाळीला माल लावायचा. एक दिवस संधी मिळाली आणि पठ्ठ्याने थेट सुपर बोल, म्हणजे तिथल्या मुख्य लीगचा (एनएफएल) अंतिम सामना, जिंकला, सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. सगळं निव्वळ जिद्दीवर. त्यानंतर त्याने मागे वळून पाहिलं नाही.

दुकान खरं आहे, रात्रपाळी खरी आहे, सुपर बोलही खरा आहे. मधल्या सांध्यांमध्ये मात्र भलतंच काही भरलंय.

'दुकानातून थेट' हे आधी घेऊ. आयोवा राज्यातल्या सीडर फॉल्स गावात हाय-व्ही नावाचं मोठं किराणा दुकान आहे. तिथे वॉर्नर तासाला साडेपाच डॉलरवर रात्री रॅक भरायचा. ही गोष्ट 1994 ची. सुपर बोल त्याने जिंकला 30 जानेवारी 2000 ला, अटलांटामध्ये. मध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला आणि त्या काळात हा माणूस बिस्किटांचे पुडे रचत बसला नव्हता. तो क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, म्हणूनच खेळत होता, त्याचेच पैसे घेत होता. पाच मोसम रणजी खेळून आलेल्या फलंदाजाबद्दल 'कालपर्यंत दुकानात बसायचा' असं कुणी म्हटलं, तर आपण त्याला वेड्यात काढू. इथे मात्र टाळ्या वाजवतो.

1995 मध्ये तो आयोवा बार्नस्टॉर्मर्स या संघात गेला. हा संघ तेव्हा अरीना फुटबॉल लीगमधला. हा प्रकार आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नेहमीचं मैदान 100 यार्ड लांब आणि 160 फूट रुंद असतं. अरीनातलं 50 यार्ड लांब आणि 85 फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण निम्मं. खेळ छताखाली. कडेला सीमारेषेऐवजी गाद्या लावलेली भिंत, धावताना तोल गेला की माणूस थेट तिच्यावर आदळतो. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या जाळ्या, त्यांच्यावर आपटून परत आलेला चेंडूसुद्धा खेळात जिवंत. अकराऐवजी आठ-आठ खेळाडू. इतक्या चिंचोळ्या जागेत क्वार्टरबॅकला विचार करायला वेळच नसतो. चेंडू हातात आला की तो सुटलाच पाहिजे, तोही झेलणाऱ्याने मान वळवायच्या आत, तो जिथे पोचणार आहे त्या जागेवर. डे मॉइनच्या सभागृहात वॉर्नरने तीन मोसम हेच केलं. 1996 आणि 1997 मध्ये त्याने संघाला अंतिम सामन्यात नेलं. दोन्ही अंतिम सामने हरला, पण दोन्ही वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात क्वार्टरबॅक म्हणून त्याची निवड झाली.

1998 च्या वसंतात एनएफएलमधल्या सेंट लुइस रॅम्सने त्याला युरोपातल्या लीगमध्ये, ॲम्स्टरडॅम ॲडमिरल्सकडे पाठवलं. तिथे पासचे सर्वाधिक यार्ड आणि सर्वाधिक टचडाउन पास (चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात पोचवणारे) त्याच्याच नावावर. गंमत म्हणजे त्या संघात त्याच्या मागे बाकावर बसणारा जेक डेलोम पुढे स्वतः कॅरोलायना पँथर्सला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. जिला पोस्टमध्ये एक ओळसुद्धा नाही, ती ही लीग.

आता 'कुठल्याही संघाने विचारलं नाही'. विचारलं होतं. 1994 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कुणी उचललं नाही हे बरोबर. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात त्याला शेवटच्या वर्षीच नियमित खेळायला मिळालं होतं, मग नाव होणार कसं? तरी ग्रीन बे पॅकर्सने त्याला सराव शिबिराला बोलावलं. तिथे ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर असे तिघे क्वार्टरबॅक आधीच हजर. आणि वॉर्नर स्वतःच सांगतो ती गोष्ट अशी की, सरावात प्रशिक्षकाने त्याला आत जायला सांगितलं, तर हा नको म्हणाला. डावपेच पाठ झाले नव्हते, छाती झाली नाही. मोसम सुरू होण्याआधीच त्याला घरी पाठवलं. मला या माणसाच्या चरित्रातला हा सगळ्यात सच्चा प्रसंग वाटतो, आणि पोस्टमध्ये नेमका तोच नसतो. कारण मग मान्य करावं लागतं की त्या वर्षी पॅकर्सचं काही चुकलं नव्हतं. हिरा होता आणि जोहरी आंधळे होते असं नव्हतं. तो तयारच नव्हता.

पुढे 1997 मध्ये शिकागो बेअर्सही त्याला बघायला तयार होते. पण जमैकात मधुचंद्राला गेलेला असताना कसल्याशा किड्याने चेंडू फेकायच्याच हाताच्या कोपराला चावा घेतला, हात सुजला, चाचणी राहिली. याला काय म्हणणार!

'निव्वळ जिद्दीवर' हा भाग मला जास्त खटकतो. रॅम्सचा 1998 चा मोसम 4 विजय, 12 पराभव असा. वॉर्नर तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक, वर्षभरात एकाच सामन्यात उतरला, 11 पैकी 4 पास पोचले, 39 यार्ड. 1999 च्या सुरुवातीला क्लीव्हलँडच्या नव्या संघासाठी खास ड्राफ्ट झाला, तेव्हा रॅम्सने ज्यांना राखून ठेवलं नाही त्यांत वॉर्नरही होता. क्लीव्हलँडने त्याला घेतलं नाही. रॅम्सने मोठी रक्कम मोजून क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनला आणलं, तो सेंट लुइसच्याच परिसरात वाढलेला. ऑगस्ट 1999 मध्ये, मोसम सुरू व्हायच्या आधीच्या एका सराव सामन्यात, सॅन डिएगोचा रॉडनी हॅरिसन ग्रीनच्या पायावर आदळला आणि गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. वॉर्नरची संधी ती. दुसऱ्याच्या गुडघ्यातून आलेली. यात वॉर्नरचा दोष काहीच नाही, पण ग्रीनला वगळून ही गोष्ट सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही.

आणि संधी मिळाली ती कुठल्या संघात? त्याच वर्षी मार्शल फॉक इंडियानापोलिसहून आलेला, टॉरी होल्टला ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर उचललेलं, पास झेलणारा आयझॅक ब्रूस आधीपासून होताच, क्वार्टरबॅकला वाचवायला डावीकडे भिंतीसारखा ऑर्लांडो पेस. आक्रमणाची सूत्रं माइक मार्ट्झकडे, आणि त्याची पद्धत म्हणजे झेलणारा वळायच्या आत चेंडू हवेत. हे वाचून कुठलं मैदान आठवलं? तेच, डे मॉइनचं. वॉर्नरने त्या मोसमात 41 टचडाउन पास फेकले. त्याआधी एका मोसमात चाळिशी फक्त डॅन मरीनोने गाठली होती. संघ 13 सामने जिंकला.

सुपर बोलचा निर्णायक पासच घ्या. प्रतिस्पर्धी टेनेसीने 16-16 अशी बरोबरी केलेली, जेमतेम दोन मिनिटं उरलेली. वॉर्नर फेकत असतानाच टेनेसीचा जेव्हॉन कर्स अंगावर आला, चेंडू हवा तेवढा लांब गेलाच नाही. ब्रूसने ते धावता धावता हेरलं, वेग तोडून मागे आला, चेंडू घेतला आणि 73 यार्डांचा टचडाउन झाला. तेवढ्यानेही भागलं नाही. शेवटच्या क्षणी टेनेसीचा केव्हिन डायसन गोलरेषेपासून एक यार्डावर असताना रॅम्सच्या माइक जोन्सने त्याचे पाय धरून पाडलं, म्हणून 23-16. वॉर्नरचे त्या दिवशीचे 414 यार्ड हा तेव्हाचा सुपर बोल विक्रम होता, त्याबद्दल वादच नाही. पण जोन्सचा हात निसटला असता, तर विजय तिथेच हातचा गेला नसता कशावरून?

राहिलं 'मागे वळून पाहिलं नाही'. 2001 मध्ये तो दुसऱ्यांदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, इथवर ठीक. पण त्या मोसमाचा सुपर बोल रॅम्स हरले, टॉम ब्रॅडीच्या न्यू इंग्लंडकडून, 20-17. 2002 मध्ये बोट मोडलं. सहा सामन्यांत सुरुवात केली, सहाही हरला, 3 टचडाउन आणि 11 इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने मध्येच पकडलेले पास. 2003 च्या पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध सहा वेळा चेंडू हातातून सुटला, वर डोक्याला मार. जागा मार्क बल्जरकडे गेली, आणि 2004 मध्ये रॅम्सने त्याला मोकळं केलं. जायंट्सकडे गेला, नऊ सामन्यांनंतर त्याच्या जागी नवखा एली मॅनिंग आला. ॲरिझोना कार्डिनल्सकडे गेला, तर त्यांनी 2006 मध्ये मॅट लाइनार्टला आणलं. म्हणजे वयाच्या पस्तिशीत पुन्हा बाकावर.

तिथून त्याने कार्डिनल्सला त्यांच्या इतिहासातल्या पहिल्या सुपर बोलला नेलं, फेब्रुवारी 2009 मध्ये. पिट्सबर्गकडून 27-23 असे हरले; मध्यंतराच्या तोंडावर त्याचाच पास पकडून जेम्स हॅरिसनने 100 यार्ड धाव घेतली होती. पुढच्या जानेवारीत ग्रीन बेविरुद्ध, म्हणजे ज्यांनी घरी पाठवलं त्याच संघाविरुद्ध, त्याने 33 पैकी 29 पास पोचवले आणि 5 टचडाउन फेकले. हुकलेले पास चार. त्या महिन्याच्या अखेरीस, 38 व्या वर्षी, तो निवृत्त झाला.

2017 मध्ये त्याला कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. अरीना फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो 2011 पासूनच होता. दोन्हींत नाव असलेला दुसरा खेळाडू नाही.