पोदेर, कुत्रे आणि शून्य पाव

भाच्याने रोब्लॉक्सवर (जिथे आपापले गेम बनवून खेळता येतात) गेम करायला घेतलाय आणि तो खेळून बघायला घरात रिकामा माणूस एकच, मामा. गेम गोव्यात फोंड्यातल्या एका वाड्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा. सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला येतो, पों पों वाजवतो, लोक उंडे (गोल पाव) घ्यायला धावतात, कुत्रे भुंकतात. ऐकायला किती सोपं!

आता कुत्र्याने भुंकायचं कुणावर? भाच्याने लिहिलं: जो अंगाला लागेल त्यात ह्युमनॉइड आहे का बघ, असेल तर भुंक. पण रोब्लॉक्समध्ये चालण्याबिलण्याचं खातं या ह्युमनॉइडकडे. कुत्र्यांनाही चालायचं होतं, म्हणून तो त्यांच्यातही घातलेला. झालं! दोन कुत्रे एकमेकांवर भुंकत बसले आणि पोदेर बाजूने निघून गेला. (हे वास्तवाला धरूनच आहे, असं माझं मत पडलं. ते विचारात घेतलं गेलं नाही.)

मग ॲट्रिब्यूट आले, म्हणजे वस्तूला चिकटवायच्या नावाच्या चिठ्ठ्या. माणसांना ‘ओळखीचा’ (ती नसेल त्याच्यावरच भुंकायचं), टोपलीला ‘पाव’. या ‘पाव’चा पी एका जागी कॅपिटल, दुसऱ्या जागी लहान. रोब्लॉक्स याबद्दल चकार शब्द काढत नाही, गुपचूप निल, म्हणजे ‘काहीच नाही’, हातात ठेवतो. टोपली भरलेली, पोदेर वाजवून वाजवून दमला, गिऱ्हाईक दारातून हलेना.

ते निस्तरलं, तर पाव संपल्यावरही गर्दी हटेना. टोपलीत शून्य पाव, आणि एक आजी पिशवी पुढे करून उभीच! भाचा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेला. तिथे शून्य म्हणजे खोटं. रोब्लॉक्सची भाषा लुआऊ, ती निघाली लुआ या भाषेतून, आणि लुआत खोटे दोघेच: निल आणि फॉल्स. शून्य चक्क खरं. ‘पाव आहेत का?’ ‘आहेत की, शून्य आहेत.’ ही लुआ 1993 साली ब्राझीलमध्ये, रिओत जन्मली. म्हणजे आम्हाला पाव दिला पोर्तुगीजांनी, आणि पाव संपल्याचं न कळणारी भाषाही पोर्तुगीज बोलणाऱ्यांच्याच मुलखातली.

‘शून्यापेक्षा जास्त आहेत का?’ असं विचारल्यावर आजी एकदाची घरी गेली.

मग बक्षीस म्हणून भाच्याने मला गेममध्ये घातलं. मी वाड्यावर पाऊल टाकतो न टाकतो तोच दोन्ही कुत्रे माझ्या मागे.

“अरे, मला ‘ओळखीचा’ कोण लावणार?”

“राहिलं, मामा. निल म्हणजे नाहीच.”

आतून बहीण म्हणाली, “बरोबरच आहे त्याचं. वर्षातून एकदा चवथीला उगवतोस, कुत्रे भुंकणारच.”