पडजीभ ठेवावी की काढावी?

घोरणाऱ्याची पंचाईत अशी, की गुन्हा त्याच्या नावावर नोंदला जातो आणि गुन्ह्याच्या वेळी तो शुद्धीवर नसतो. बायकोने मोबाइलवर पुरावाच ऐकवला, तेव्हा घोरण्यापेक्षा मधली शांतताच जास्त भयंकर वाटली. मग झोपेची तपासणी आली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी चिकटवून "आता नेहमीसारखे झोपा" म्हणणाऱ्या माणसाचा मला आदर वाटतो. तासाला 5 ते 15 वेळा श्वास थांबला किंवा मंदावला, तर झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार (स्लीप अ‍ॅप्निया) सौम्य. मी त्यात बसलो. बायकोला तो अहवाल पक्षपाती वाटला.

"एकदाचं कापूनच टाका ना," ती डॉक्टरांना म्हणाली.

कापण्यासारखं बरंच निघालं. नाकाचं वाकडं हाड सरळ करता येतं. श्वास मोकळा होतो, पण घोरणं बहुधा राहतंच. मऊ टाळू रेडिओलहरींनी तापवून ताठ करता येतो, म्हणजे तो फडफडत नाही. 1981 पासून रूढ झालेल्या एका शस्त्रक्रियेत तर टॉन्सिल, पडजीभ आणि टाळूची कड एकदमच उतरवतात. पुढे दोनेक आठवडे थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं आणि कुणाकुणाचं प्यायलेलं पाणी नाकावाटे परत येतं, हे डॉक्टरांनी हसतमुखाने सांगितलं. छातीत यंत्र बसवून झोपेत जीभ पुढे ढकलण्याचीही सोय आहे, पण ती मध्यम आणि तीव्र आजारवाल्यांसाठी. दोन्ही जबडे कापून पुढे सरकवणं सगळ्यांत गुणकारी. त्यात चेहराही थोडा बदलतो. बायकोने या पर्यायावर जरा जास्तच वेळ विचार केला.

"पण सौम्य आजारात सुरी शेवटी," डॉक्टर म्हणाले. "शिवाय टाळू कापून घोरण्याचा आवाज गेला आणि श्वास अडकणं तसंच राहिलं, तर कुणाला पत्ताही लागणार नाही. ऑपरेशननंतर तपासणी पुन्हा करावीच लागते."

"म्हणजे हे घोरतायत तोवर निदान कळतं तरी," बायको म्हणाली. माझ्या घोरण्याबद्दल निघालेला हा पहिला बरा शब्द.

तर पडजीभ वाचली. वजन उतरवायचं, कुशीवर झोपायचं आणि रात्री खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी कवळीसारखी पट्टी तोंडात घालायची, असं ठरलं. घोरणं बरंच उतरलंय. फक्त सकाळी उठल्यावर वरचे-खालचे दात जुळायला थोडा वेळ लागतो आणि तोवर मला धड बोलता येत नाही. घरातले सगळे महत्त्वाचे निर्णय हल्ली नेमके त्याच वेळात होतात.