“आधी माणसं येतील, मग बस येईल” : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि उत्तर लिहायला चार दिवस घेतले. इतर वाचकांसाठी आधी संदर्भ देतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की शहराच्या कडेला उभ्या राहणाऱ्या नव्या गृहसंकुलांना ताबा मिळण्याच्या दिवसापासून बस किंवा रेल्वेची नीट सेवा असली पाहिजे, आणि ती नसेल तर तिथं फ्लॅट घेण्याआधी थांबावं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “स्टेशन एक किलोमीटरवर आहे, एवढं पुरे नाही का? आधी माणसं येतील, मग बस येईल, हाच क्रम असतो. रिकाम्या बस कोण चालवणार? आणि ज्यांना शहरात घर परवडतं त्यांनी बाहेर घर घेणाऱ्यांना शहाणपण शिकवू नये.”

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. “थांबावं” असं लिहिताना थांबणं ज्याला परवडतं असाच माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता. घरभाडं आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणाऱ्याला, किंवा दोन खोल्यांत सहा जण राहणाऱ्या कुटुंबाला, थांबणं ही चैन आहे. तो सल्ला देण्याचा मला अधिकार नव्हता.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांशी मात्र मी सहमत नाही, आणि त्याची कारणं सविस्तर मांडतो.

आधी तो एक किलोमीटर घेऊ. जाहिरातीत छापलेलं अंतर बहुतेक वेळा नकाशावर सरळ रेघ ओढून मोजलेलं असतं. रेघ भिंतीतून, नाल्यावरून, रुळांवरून जाते. माणूस तसा जात नाही. स्टेशनभोवती 800 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात साधारण 2 चौरस किलोमीटर जमीन येते. आता रस्ते अगदी चौकटीसारखे आखीव आहेत असं धरा, म्हणजे चालणाऱ्याच्या दृष्टीनं परिस्थिती बरीच चांगली. तरीही 800 मीटर चालून खरोखर पोहोचता येईल अशी जमीन 1.28 चौरस किलोमीटरच उरते, वर्तुळाच्या 64 टक्के. आणि नवी संकुलं आखीव चौकटीत बसत नाहीत. मोठा भूखंड, चारही बाजूंनी कंपाउंड वॉल, एकच गेट, तेही गाड्यांना सोयीचं म्हणून मोठ्या रस्त्याच्या बाजूला. स्टेशन मागच्या भिंतीपलीकडे दिसत असतं आणि तिथं जायला अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते. मागच्या भिंतीत पायी जाणाऱ्यांसाठी एक छोटं फाटक ठेवलं तर शेकडो घरांचे रोजचे दहा-दहा मिनिटं वाचतील. सुरक्षेचं कारण सांगून ते बहुधा ठेवत नाहीत, किंवा ठेवून कुलूप लावतात. या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो, कारण तिला खर्च जवळजवळ काहीच नाही.

तरीही अंतर हा लहान भाग आहे. मोठा भाग वाट पाहण्याचा. मागच्या लेखात मी तो दोन ओळींत उरकला. ती माझी चूक होती.

दोन संकुलं डोळ्यांसमोर आणा. एक स्टेशनपासून 3 किलोमीटरवर, पण गेटपासून तीन मिनिटांवर स्टॉप आणि दर 8 मिनिटांनी बस. चालणं 3 मिनिटं, सरासरी वाट पाहणं 4, बसमध्ये 12 : स्टेशन 19 मिनिटांवर. दुसरं सरळ रेषेत 1.2 किलोमीटरवर, पण रस्त्यानं 1.8. मिनिटाला 80 मीटर या नेहमीच्या वेगानं ते चालायला साडेबावीस मिनिटं लागतात. म्हणाल, बसनं जावं. बस 40 मिनिटांनी एक असेल तर नुसती सरासरी वाट 20 मिनिटांची, तीही बस अगदी वेळेवर येत असतील तर. त्या अनियमित असतील तर सरासरी आणखी वाढते, कारण आपण स्टॉपवर पोहोचतो ती वेळ लांबलेल्या खंडात पडण्याची शक्यता जास्त असते. आणि कामावर जाणारा माणूस सरासरीवर जगत नाही. उशीर झाला तर कापला जाणारा पगार त्याला दिसत असतो, म्हणून तो सगळ्यात वाईट दिवसाचा हिशोब धरून घरातून निघतो.

लंडनमध्ये सार्वजनिक वाहतुकीची उपलब्धता मोजायची एक पद्धत आहे. 1992 मध्ये हॅमरस्मिथ आणि फुलहॅम भागात ती तयार झाली आणि नंतर सबंध शहरानं स्वीकारली. तिच्यात चालण्याचा वेळ, फेऱ्यांमधल्या अंतराच्या निम्मी वाट, आणि वर बेभरवशासाठी बसला 2 मिनिटं व रेल्वेला पाऊण मिनिट धरतात. बसस्टॉप 640 मीटरपर्यंतचे आणि स्टेशनं 960 मीटरपर्यंतचीच मोजतात. म्हणजे तुमचं एक किलोमीटरवरचं स्टेशन त्या हिशोबात येणारच नाही. खरं सांगायचं तर ही मर्यादा मलाही जरा कडक वाटते. चांगली सावली, रुंद फुटपाथ आणि पाच मिनिटांनी गाडी असेल तर धडधाकट माणूस एक किलोमीटर आनंदानं चालतो. पण त्या पद्धतीतला मूळ विचार मला पटतो. स्टेशन किती मीटरवर आहे याला अर्थ तेव्हाच, जेव्हा तिथून दर किती मिनिटांनी गाडी सुटते हेही सांगितलं जातं.

आता तुमचा मुख्य मुद्दा : आधी माणसं, मग बस. हाच क्रम असतो, असं तुम्ही म्हणता. पण या विषयातली सगळ्यात यशस्वी उदाहरणं उलट्या क्रमाची आहेत. जपानमध्ये 1910 साली ओसाकापासून निघणारा एक खासगी विद्युत रेल्वेमार्ग सुरू झाला, आजच्या हांक्यू या रेल्वे कंपनीचा पाया. मार्ग विरळ वस्तीतून जाणार, प्रवासी मिळणार नाहीत, असंच तेव्हाही म्हटलं जात होतं. ती कंपनी चालवणाऱ्या इचिझो कोबायाशी यांनी रुळांच्या कडेची जमीन आधी घेतली, तिथं घरं बांधली आणि ती नोकरदारांना हप्त्यांवर विकली. पुढचं पाऊल मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. सकाळी गाड्या शहराकडे भरून जातात आणि रिकाम्या परततात, म्हणून त्यांनी दुसऱ्या टोकाला ताकाराझुका इथं करमणुकीची ठिकाणं उभी केली आणि शहराच्या टोकाला, स्टेशनातच, 1929 मध्ये मोठं दुकान काढलं. दोन्ही दिशांना प्रवासी मिळाले. “रिकाम्या बस कोण चालवणार” या प्रश्नाचं हे शंभर वर्षांपूर्वीचं उत्तर आहे. वस्तीच्या टोकाला फक्त झोपायची घरं बांधली तर गाडी एका बाजूनं रिकामी जाणारच.

स्टॉकहोमच्या वेलिंगबीतही असंच झालं. मेट्रो तिथं 1952 मध्ये पोहोचली, उपनगराच्या केंद्राचं उद्घाटन 1954 मध्ये झालं. उंच इमारती स्टेशनला लागून, बैठी घरं दूर, आणि घरांबरोबर कामाच्या जागा व दुकानंही आराखड्यातच. जमीन शहराच्या मालकीची होती म्हणून हे जमलं, हेही सांगायला हवं.

तुमच्या बाजूचं उदाहरणही देतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराच्या फाउबान वस्तीत ट्राम 2006 मध्ये आली, लोक मात्र त्याआधी काही वर्षांपासून राहत होते. तेव्हा क्रम थोडा मागेपुढे होऊ शकतो, मान्य. पण तिथं आराखडाच ट्रामला मध्यभागी धरून केलेला होता आणि पार्किंग घरापासून वेगळं, वस्तीच्या कडेच्या इमारतीत होतं. गाडी ठेवणाऱ्यालाच जागेचे पैसे भरावे लागत. “नंतर बघू” आणि “नंतर येणार आहे, ही तिची जागा” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या दिवसापासून सेवा हवी, असा हट्ट मी का धरतो? घर बदलताना माणसाच्या सगळ्या सवयी एकदम सुट्या होतात. शाळा, बाजार, कामाचा रस्ता, सगळं नव्यानं ठरतं. बास व्हर्प्लांकेन आणि डेबोरा रॉय यांच्या 2016 च्या अभ्यासात दिसलं की घर बदलून साधारण तीन महिने होईपर्यंतच सवयी बदलण्याची ही संधी राहते. त्या तीन महिन्यांत बस नसेल तर कुटुंब दुचाकी घेतं, मग दुसरी, मग कर्ज काढून चारचाकी. दोन वर्षांनी बस सुरू होते तेव्हा घेतलेली गाडी कोणी विकत नाही. बस रिकामी धावते, फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलेलेही सोडून जातात. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञानं 1972 मध्ये याचीच दुसरी बाजू मांडली होती. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात आणि प्रत्येकाची वाट पाहण्याची वेळ कमी होते, म्हणजे बसमध्ये चढणारा प्रत्येक जण बाकीच्यांचंही भलं करतो. हे चक्र सुरुवातीलाच योग्य दिशेनं फिरवावं लागतं. पहिल्या एक-दोन वर्षांचा तोटा भरून काढणं हा खर्च आहे, पण तो मुदतीचा आहे. सवयी बसल्यानंतर सुरू केलेल्या बसच्या तोट्याला मुदत नसते.

तो तोटा प्रवाशांनी सोसावा असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये 1990 च्या नगररचना कायद्याच्या 106 व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरण विकासकाशी करार करतं आणि अनेक ठिकाणी त्यातून नव्या वस्तीच्या बसला सुरुवातीची काही वर्षं पैसे मिळतात. हाँगकाँगची मेट्रो कंपनी स्टेशनांवरच्या आणि भोवतालच्या जमिनीच्या विकासातून पैसा उभा करते, कारण रेल्वे आली की जमिनीची किंमत वाढते आणि त्या वाढीतला वाटा रेल्वेला मिळणं न्याय्य आहे. बिल्डर जेव्हा “स्टेशनजवळ” म्हणून जास्त भाव लावतो, तेव्हा ज्या सेवेच्या नावानं तो भाव मिळतो तिला त्यानं काही दिलं का, हे विचारलंच पाहिजे.

परवडण्याबद्दल एकच. अमेरिकेतली सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी ही संस्था घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजते. नुसत्या घरासाठी उत्पन्नाच्या 30 टक्क्यांची जुनी मर्यादा होती. ही संस्था दोन्ही मिळून 45 टक्के धरते. लांबचं स्वस्त घर दोन गाड्यांचा हप्ता, इंधन आणि दुरुस्ती धरल्यावर स्वस्त राहतंच असं नाही. नाइलाजानं तिथं घर घेणाऱ्यांना हे मी सुनावत नाही. त्यांच्याकडून हा दुसरा खर्च लपवला जातो, आणि त्याची तक्रार मी त्यांच्याच वतीनं करतो आहे.

हा विषय माझ्यासाठी नुसता आकड्यांचा नाही. मी अशाच एका नव्या संकुलात चार वर्षं काढली आहेत. सकाळी मी आणि बायको गाडी घेऊन निघायचो आणि आई दिवसभर पाचव्या मजल्यावर असायची. तिला गाडी चालवता येत नव्हती. शेवटची बस संध्याकाळी लवकर जायची. मैत्रिणीकडे जायचं, दातांच्या डॉक्टरांकडे जायचं, प्रत्येक वेळी तिला आमच्यापैकी कोणाला तरी विचारावं लागे, आणि काही महिन्यांनी तिनं विचारणंच बंद केलं. आम्हाला वाटलं, तिला आता घरात बरं वाटतं. तुम्ही “सगळ्यांकडे गाडी असतेच” असंही लिहिलं आहे. मुलांकडे नसते, म्हाताऱ्या माणसांकडे नसते, संकुलात कामाला येणाऱ्या बहुतेकांकडे नसते.

मूळ लेखातलं “तिथं फ्लॅट घेण्याआधी थांबावं” हे वाक्य मी आज काढून टाकलं आहे. त्या जागी लिहिलं आहे : बुकिंगच्या आधी एकदा संध्याकाळी सात वाजता गेटपासून स्टेशनपर्यंत घड्याळ लावून चालत जा, स्टॉपवर उभं राहून पुढच्या दोन बसमधलं अंतर मोजा, आणि मागच्या भिंतीत फाटक आहे का ते पाहा. तुम्ही तुमच्या संकुलापासून हे मोजून कळवलंत तर ते आकडेही मी त्याच लेखात जोडेन, ते माझ्या म्हणण्याविरुद्ध गेले तरी.