भयपटाची टर उडवायचीय? मग भयपट पाहू नका!

तर तुम्ही भयपटाचं विडंबन काढताय. छान! पहिलं पथ्य म्हणजे मूळ सिनेमे पाहत बसू नका. ट्रेलर कशाला असतात? 'आयर्न मॅन' मे २००८मध्ये आला आणि त्याचीही टर उडवणारा 'डिझास्टर मूव्ही' त्याच ऑगस्टमध्ये थिएटरात हजर. कच्चं राहिलं म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत.

विडंबनपटांचा दिग्दर्शक मेल ब्रूक्स, त्याच्या नादी तर अजिबात लागू नका. १९७४च्या 'यंग फ्रँकेन्स्टाईन'साठी या गृहस्थानं केन स्ट्रिकफॅडनला गाठलं. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाईन'मधली ठिणग्या उडवणारी यंत्रं त्यानंच बनवली होती आणि इतकी वर्षं जपूनही ठेवली होती. ब्रूक्सनं तीच सेटवर मांडली. वर हट्ट असा की सिनेमा कृष्णधवलच हवा, कारण मूळचा तसा दिसतो. एवढं प्रेम असेल तर माणसानं लग्न करावं, विडंबन कशाला?

नटांना बजावून ठेवा: विनोद झाला की डोळे वटारायचे आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. 'एअरप्लेन!' या विमान-संकटपटांच्या विडंबनात (१९८०) नट लेस्ली नील्सन मख्ख चेहऱ्यानं डॉक्टरकी करत राहिला. कुठं हसायचं ते प्रेक्षकांनी आपलं आपण ठरवायचं. तिकीट काढून आलेल्यांना वर कामाला लावायचं म्हणजे अतीच झालं.

एक बारीकशी अडचण आहे. भयपट हल्ली स्वतःच स्वतःची खिल्ली उडवतात. १९९६च्या 'स्क्रीम'मधली पोरं भयपटाचे नियम एकमेकांना समजावत मरतात. त्या पटकथेचं आधीचं नाव होतं 'स्केअरी मूव्ही', आणि २०००मध्ये 'स्क्रीम'चं विडंबन आलं ते हेच नाव लावून. (त्या पहिल्या भागाला मी अजूनही हसतो. पाचव्याचं विचारू नका.) म्हणजे जो आधीच हसतोय त्याला गुदगुल्या करायच्या. पण तुम्ही डगमगू नका, पादण्याचा विनोद आहेच.

परवा पाहिलेल्या एका भय-विडंबनात, नाव राहू दे, हा विनोद होताच. अंधारा जिना. पायरी करकरते. मुलगी तळघराच्या दाराशी येते, हात कडीवर. मी, खोटं कशाला बोलू, सरसावून बसलो. दार उघडलं आणि भूत पादलं. मुलीनं नाक दाबलं. मग न कळलेल्यांसाठी तिची मैत्रीण ओरडली, "भूत पादलं!" हा तिहेरी बंदोबस्त शिकून घ्या.

थिएटरात चिडीचूप. तेवढ्यात मागच्या रांगेत मोबाईल वाजला. एक बाई पर्समध्ये चाचपडल्या आणि अतिशय गंभीर आवाजात म्हणाल्या, "सिनेमात आहे. नाही, अजून विनोदी सुरू झालेला नाही."

अख्खं थिएटर खदखदून हसलं. बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, का ते. असल्या माणसांना आपल्या सिनेमाच्या आसपास फिरकू देऊ नका.