फोन बंद आहेत, हे सांगायला आलेला फोन

सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी मोबाइल वाजला, की न उचलताच मला कळतं. एवढ्या सकाळी माझी आठवण कुणी प्रेमाने काढत नाही.

"आमचे सगळे फोन बंद आहेत."

"कधीपासून?"

"अहो, अर्धा तास तुम्हाला तेच सांगायला फोन लावतोय, लागतच नव्हता. मग लक्षात आलं, फोनच बंद आहेत."

मुख्य कार्यालय एक, शाखा चौदा, आणि या सगळ्यांच्या टेबलावरचे फोन सांभाळायला मी एकटा. फोन चालू असतात तेव्हा हा माणूस पगार कसला घेतो, असा प्रश्न लोकांना पडतो. बंद पडले की तोच प्रश्न मोठ्याने विचारला जातो.

जुन्या फोनचं बरं होतं. भिंतीतून तांब्याच्या दोन तारा यायच्या. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असायची, तिथून ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच तारांतून फोनपर्यंत पोचायचा. इमारत अंधारात बुडाली तरी फोन जिवंत. मग आम्ही सुधारलो आणि फोन नेटवर्कवर आणले. आता टेबलावर असतो तो फोनच्या वेशातला छोटा संगणक, आणि त्याला तोंड उघडायचं तर मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरची परवानगी लागते. हात लांब केला तर ज्याच्या खांद्याला लागेल, त्या शेजारच्या टेबलाला फोन लावायचा असला तरी अर्ज आधी वर जातो, मंजूर होऊन खाली येतो आणि मग घंटी वाजते. सरळ हाक मारावी, हे कुणाला सुचत नाही. वीजही आता नेटवर्कच्याच केबलमधून येते. २००३ साली त्याचं मानक ठरलं, स्विचने, म्हणजे शाखेतल्या सगळ्या फोनच्या केबल जिच्यात येऊन मिळतात त्या पेटीने, केबलच्या एका खाचेला १५.४ वॉटपर्यंत द्यायचे. त्यामुळे स्विच गेला की फोनची वाचा जाते आणि त्याच क्षणी प्राणही.

पहिल्या मोठ्या फटक्यानंतर साहेबांनी विचारलं, "शाखेला मुख्य कार्यालयाशी जोडणारी एक लाइन तुटली तर दुसरी असायला नको?" मी दुसरी घेतली. मुद्दाम वेगळ्या कंपनीची. करारावर सह्या करताना माझी छाती जरा पुढे आली होती. पुढे एका शाखेबाहेर रस्त्याचं काम निघालं, पोकलेनने एक घास घेतला आणि दोन्ही लाइन एकाच सेकंदाला गेल्या. चौकशी केली तर कळलं, दोन्ही कंपन्यांच्या केबल शेवटचे दोनशे मीटर एकाच चरातून, अगदी गळ्यात गळे घालून येतात. कागदावर त्या वेगळ्या होत्या, हे मी साहेबांना दाखवलं. साहेबांनी मला तुटलेल्या केबलचा फोटो दाखवला.

"मोठ्या कंपन्यांत असं होत नाही," साहेब म्हणाले. मी नम्रपणे ४ ऑक्टोबर २०२१ ची आठवण करून दिली. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची सगळी केंद्रं एकमेकांपासून तुटली आणि सहा तासांच्या आसपास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप सगळं गायब. दुरुस्ती करायची आतली साधनंही त्याच नेटवर्कवर, त्यामुळे ती चालेनात, आणि प्रत्यक्ष आत जायचं तर कडक सुरक्षा आडवी. एवढं सांगून झाल्यावर साहेब म्हणाले, "पण त्यांचे टेबलावरचे फोन चालू असतील." यावर काय बोलणार?

लाइन पूर्ण गेली की माझं खरं काम सुरू होतं. तिथल्या उपकरणांपर्यंत मी दुरून पोचू शकत नाही, म्हणून तिथल्या माणसाकरवी पोचायचं. उंटावरून शेळ्या हाकणं परवडलं, निदान उंटावरून शेळ्या दिसतात तरी. एकदा रिसेप्शनवरच्या ताई मोबाइल कानाला लावून सर्व्हर खोली म्हणवल्या जाणाऱ्या कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"ताई, सगळ्यात वरच्या पेटीवर दिवा कुठल्या रंगाचा आहे?"

"कुठली पेटी? इथे चार आहेत. एकीवर कॅलेंडर ठेवलंय."

"कॅलेंडर उचला. खाली दिवा असेल."

"आहे. हिरवा. नाही, नारिंगी. आता परत हिरवा. आता गेला."

"आणि खालची मोठी, जिच्यात खूप निळ्या वायरी आहेत?"

"तिच्यावर एकही दिवा नाही. पण शेजारी काहीतरी कुईं कुईं करतंय. कालपासून करतंय. आम्ही दार लावून घेतलं."

ते कुईं कुईं म्हणजे यूपीएस. बॅटरीवर भार झेपत नाही म्हणून बिचारा ओरडत होता. माझ्या नकाशाप्रमाणे त्यावर राउटर, म्हणजे शाखेचं नेटवर्क बाहेरच्या लाइनला जोडणारी पेटी, आणि स्विच, एवढेच दोघे होते. प्रत्यक्षात तिसऱ्या सॉकेटला कुणीतरी लेझर प्रिंटर जोडला होता. लेझर प्रिंटर शाई भाजायला तापतो तेव्हा मिनिटभरात जेवढी वीज ओढतो, तेवढ्यात माझे फोन निवांत गप्पा मारत बसले असते. सकाळी कुणीतरी चाळीस पानांचा अहवाल छापायला घेतला, यूपीएसने मान टाकली, स्विच गेला आणि शाखा मुकी झाली. प्रिंटर काढायला सांगितलं तेव्हा ताईंनी फार सालस प्रश्न विचारला : "मग वीज गेल्यावर आम्ही प्रिंट कसे काढायचे?"

यावर उपाय आहे, तो पुढे मी केलाही. शाखेतल्या राउटरलाच बदली कारभारी नेमायचं. एरवी तो गप्प असतो. मुख्य सर्व्हरची हाक ऐकू येईनाशी झाली की शाखेतले फोन मिनिट-दोन मिनिटं वाट बघतात आणि या कारभाऱ्याकडे हजेरी लावतात. मग आपसांत बोलता येतं, आणि बाहेर बोलायला शाखेत मुद्दाम राखलेल्या तांब्याच्या दोन जुन्या लाइन असतात. हो, तीच जुनी तांब्याची तार. आम्ही जिला मोडीत काढलं होतं, तिलाच पुन्हा हात जोडून आणलं. माणसं अठरा आणि लाइन दोन, म्हणजे वादाला भरपूर वाव. पण एका गोष्टीसाठी या लाइन मी कुणालाही काढू देत नाही. आणीबाणीचा क्रमांक लावला तर तो कॉल तिथल्याच लाइनवरून बाहेर पडला पाहिजे. मुख्य कार्यालयामार्फत गेला तर मदतही मुख्य कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहायची.

या व्यवस्थेची एक गंमत मला फार आवडते. कॉल जोडायचं काम सर्व्हर करतो, पण आवाज एका फोनकडून दुसऱ्या फोनकडे परस्पर जातो. त्यामुळे लाइन तुटली त्या क्षणी शाखेतल्या शाखेत जे दोघे आधीच बोलत असतील, त्यांचं बोलणं चालूच राहतं. भोवती हलकल्लोळ, साहेब घामाघूम, आणि कोपऱ्यातल्या दोन टेबलांवर कुणाच्या तरी बदलीची चर्चा रंगलेली. तो कॉल फक्त दुसरीकडे वळवता येत नाही. पण तो त्यांना वळवायचाही नसतो.

लाइन साफ मेली तर निदान निकाल लागतो. तळ्यात-मळ्यात करणारी मात्र शत्रूलाही नको. दहा सेकंद आली, वीस सेकंद गेली. फोन बिचारे मुख्य सर्व्हर की कारभारी, कारभारी की मुख्य सर्व्हर, अशा येरझाऱ्या घालतात आणि कुठेच पोचत नाहीत. म्हणून मी त्यांना सांगून ठेवलंय, लाइन सलग १२० सेकंद नीट चालल्याशिवाय परत फिरायचं नाही. रुसून गेलेल्या माणसानेही एवढी वाट बघितली पाहिजे, असं माझं खासगी मत.

हे झालं आतून बाहेर बोलायचं. बाहेरून शाखेला येणारे कॉल आधी मुख्य कार्यालयात येतात, आणि शाखेचे फोन सापडले नाहीत तर ते दुसऱ्या नंबरवर वळवायची सोय असते. ती मी मोठ्या हौसेने केली होती. प्रत्येक शाखेकडून एकेक मोबाइल नंबर मागवला, भरला आणि विसरलो. तीन वर्षांनी एका शाखेची लाइन पन्नास मिनिटं गेली. एकही तक्रार आली नाही. मी खूश. दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन.

"मी तुमच्या शाखेचा मुख्य लिपिक. म्हणजे होतो. मागच्या वर्षी निवृत्त झालो. काल मला शाखेचे तेवीस कॉल आले."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते थांबायच्या मनःस्थितीत नव्हते.

"सगळे घेतले. कुणी, कशासाठी, किती वाजता, वहीत लिहून ठेवलंय. सात जणांना कुठली कागदपत्रं आणायची ते सांगितलं. एकाला जरा खडसावलं, तो दर वर्षी फॉर्म अर्धवट भरून आणतो. पत्ता द्या, वही पाठवतो." मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "उद्याही फोन बंद असणार आहेत का?"

मी नंबर बदलला. बदलताना हात जड झाला, हे कबूल करतो. नवीन नंबरवाल्याने एवढे कॉल कधी घेतलेले नाहीत, आणि अजूनही एखादा ग्राहक शाखेत फोन करून विचारतो, "ते परवाचे सज्जन गृहस्थ आहेत का?"

आता उरली होती चाचणी. केबल उपटून बघायची आणि कारभारी जागा होतो का ते तपासायचं. पंधरा मिनिटांचं काम. साहेब म्हणाले, "चालू आहे ते हाताने बंद कशाला पाडायचं?" महिनाअखेर होती म्हणून पहिली तारीख गेली. महिन्याची सुरुवात होती म्हणून दुसरी गेली. मधल्या दिवसांत लेखापरीक्षण होतं. रविवारी करतो म्हटलं, तर रविवारी फोन चालू आहेत की नाहीत हे सांगायला शाखेत कोण असणार? सात महिने मी तारीख मागत होतो.

शेवटी पोकलेनला दया आली. एका मंगळवारी त्याच रस्त्यावर, बहुधा त्याच खड्ड्यात, त्याने पुन्हा घास घेतला. माझ्या पडद्यावर शाखा लाल झाली. मी मोबाइल समोर ठेवला आणि वाट बघत बसलो. पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. कुणाचा फोन नाही. कारभारी जागा झाला असणार, किंवा शाखेतली माणसं ओरडून थकली असणार. आनंद कुणाला सांगावा तर खोलीत मी एकटाच.

पस्तिसाव्या मिनिटाला मोबाइल वाजला. रिसेप्शनवरच्या ताई, आवाज चढलेला.

"अहो, ते होल्डवरचं गाणं बंद पडलंय! ग्राहकाला थांबवलं की नुसतं टुक् टुक् ऐकू येतं. सकाळपासून तिघांनी विचारलं. तातडीने बघा."

गाणं मुख्य सर्व्हरवर असतं, कारभाऱ्याकडे फक्त टुक् टुक्. बघतो म्हटलं आणि फोन ठेवला. मग सवयीने कॉल कुठून आला ते पाहिलं. ताईंचा मोबाइल नव्हता तो. शाखेतल्या तांब्याच्या जुन्या लाइनचा नंबर होता.