आजोबांचा पेन आणि तो ‘लाखाचा’ फॉरवर्ड

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला, तुमच्याकडेही आला असेलच. "आजोबांचा जुना शाईपेन आहे? क्लिपवर बाण असेल तर तो 1951 चा पार्कर 51. निबवर इरिडियम लिहिलंय? मग किंमत लाखात. रात्रभर गरम पाण्यात ठेवा, मेटल पॉलिशने चकाचक करा, कोरलेलं नाव घासून काढा, मगच विका." कोपरीला राहणाऱ्या माझ्या आत्याने आजोबांच्या पेनवर हे सगळं जसंच्या तसं केलं, म्हणून लिहितेय.

आधी बाण. पार्करने ही क्लिप 1933 मध्ये व्हॅक्युमॅटिक पेनवर आणली आणि मग आपण शाळेत मिरवलेल्या व्हेक्टरपर्यंत बाणच चालू राहिला, त्यामुळे नुसत्या बाणावरून मॉडेल कळत नाही. शांघायच्या हिरो पेनवरही तशीच बाणासारखी क्लिप असते आणि आपल्याकडे किती आजोबांच्या खिशाला हिरोच असायचा! 51 हे सालही नाही. कंपनी 1888 ची, पेन तयार झाला 1939 ला, कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, म्हणून ते नाव. विक्रीला आला 1941 मध्ये.

खरं ओळखायचं तर मागचा भाग हळूच फिरवून काढा. आत धातूची नळी, दाबायची पट्टी आणि नळीवर कंपनीचं नाव आणि शाई भरायच्या सूचना कोरलेल्या असतील तर तो 1948 नंतरचा 51 असू शकतो. त्याआधीच्याला शेवटाला छोटी टोपी असते, ती काढली की शाई भरायचा दांडा दिसतो. पार्कर 21 बाहेरून जवळजवळ तसाच, पण निब स्टीलची.

आता निब. 51 ची निब झाकलेली असते, फक्त टोक बाहेर, म्हणजे त्यावर काय लिहिलंय ते पेन उघडल्याशिवाय वाचताच येत नाही. मेसेज वाचून कोणी पक्कड लावली तर पुढचा भाग तडकलाच म्हणून समजा. आणि इरिडियम म्हणजे निबच्या टोकावरचा तो कडक धातूचा बारीक कण, ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ हा छाप तर स्वस्तातल्या स्टीलच्या निबांवरही सर्रास असतो. सोनं बघायचं तर 14 कॅरेट किंवा 585 शोधा. पण 14 कॅरेट म्हणजे साडेअठ्ठावन्न टक्के सोनं आणि अख्खी निब साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर, जांभळी नाक्यावरच्या सोनाराकडे नेलीत तर त्या सोन्याचे लाख कुठून येणार?

गरम पाण्याचा सल्ला मात्र मला सगळ्यात जास्त लागला. आजोबांचा पेन काळा एबोनाइटचा, ड्रॉपरने शाई भरायचा. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, अंगठ्याने जोरात घासलं की जळक्या रबराचा वास येतो. त्याला उन्हाचा आणि पाण्याचा त्रास, त्यातून गरम पाणी आणि रात्रभर, सकाळी पेन मातकट तपकिरी झालेला. वाळलेली शाई काढायला साधं गार पाणी पुरतं, फक्त भिजवायचा निबचा भाग, सारखं पाणी बदलत राहायचं, दोन दिवस लागले तर लागू देत. असे पेन आपल्याकडे हाताने बनायचे, राजमहेंद्रीच्या रत्नम पेनचं गांधीजींनी 1935 साली पत्र लिहून कौतुक केलेलं, पण मेसेजमध्ये देशी पेनांचा उल्लेखच नाही, बाण नसेल तर भंगार असंच लोक समजणार.

मग पॉलिश. पेनच्या अंगावरचा कंपनीचा छाप इतका उथळ असतो की तिरक्या उजेडात, भिंगाखाली, मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तरच वाचता येतो, आणि ओळखीचा मुख्य पुरावा तोच. आत्याने घासून घासून तो घालवला. त्यामुळे आजोबांचा पेन नक्की कोणाचा हे मला आता सांगता येत नाही आणि याचं खूप वाईट वाटतं. मेसेज सांगतो तसं ती नावही घासत होती, पण ते कोणीतरी हाताने खोल कोरलेलं, निघालं नाही. पेनवर आता तेवढंच वाचता येतं.